करकायदे इतक्यांदा बदलले, संघटनेची घटना कधी बदलायची?

बालाघाट
नमस्कार मंडळी. मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी करसल्ल्याचं काम करते. आमच्या जिल्ह्यात कर सल्लागारांची नोंदणीकृत संघटना आहे आणि तिच्याबद्दल मला मनापासून आपुलकी आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा पोर्टल चालेना, व्यापारी दारात उभे. त्या दिवसांत याच संघटनेच्या हॉलमध्ये रात्री उशिरापर्यंत बसून आम्ही एकमेकांच्या शंका सोडवल्या. म्हणून हा धागा गाऱ्हाण्याचा समजू नका.

अडचण घटनेची आहे. आमच्या घटनेप्रमाणे सदस्य कोण? तर मुंबई विक्रीकर अधिनियम, १९५९ खाली नोंद असलेला विक्रीकर व्यवसायी, वकील किंवा सीए. तो कायदा १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला तेव्हाच मागे पडला. त्यानंतर व्हॅटही बहुतांशी गेला आणि जीएसटी आला, व्याख्या मात्र जागची हलली नाही. तालुक्याला बसून काम करणारी, परीक्षा देऊन जीएसटी प्रॅक्टिशनर झालेली पोरं-पोरी आमच्याकडे 'सहयोगी' म्हणून वर्गणी भरतात. त्यांना मत नाही, निवडणुकीला उभं राहता येत नाही.

बाकीच्या गोष्टी तुमच्याकडेही असतील. बरीच वर्षं तेच अध्यक्ष, दर वेळी बिनविरोध. माणूस अतिशय सज्जन. कार्यकारिणीत एकही बाई नाही, कार्यालयांत मात्र रिटर्न भरायला बसलेल्या बहुतेक मुलीच दिसतात. सभा कायम जिल्ह्याच्या ठिकाणी.

माझं मत स्पष्ट आहे. नवा प्राप्तिकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू. साठ वर्षांपूर्वीच्या, १९६१ च्या कायद्याची कलमं आम्हाला तोंडपाठ होती, ती सगळी मांडणी बदलली. पुढची काही वर्षं सगळ्यांनाच नव्याने शिकायचं आहे. शिकायला एकत्र बसायचं, पण ठरवायला मोजक्यांनीच बसायचं, हे बरोबर नाही. घटना आत्ताच दुरुस्त करावी. तुमच्या संघटनेत असा बदल झाला असेल, मग व्यवसाय कुठला का असेना, तर कसा केलात ते सविस्तर लिहा.

दुधना
जागा पकडून ठेवतो. आमच्याकडं पण हेच चाललंय.

जुना व्हॅटवाला
बालाघाट ताई, तुमची कळकळ समजते. मी या कामात आयुष्य घालवलेला माणूस आहे, तेव्हा दुसरी बाजूही ऐका.

मराठवाड्यात आमच्या आधीच्या पिढीने हैदराबाद राज्याचा १९५० चा सामान्य विक्रीकर कायदा पाहिला. १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो आणि नंतर १९५९ चा कायदा लागू झाला. त्या लोकांनी जुनं सगळं बाजूला ठेवून नवं शिकून घेतलं. २००५ ला व्हॅट आला तेव्हा व्यापारी रस्त्यावर उतरले होते, त्यांना समजावून सांगायला आम्हीच गावोगावच्या आडतीवर गेलो. म्हणजे बदलाला आम्ही भ्यायलेले नाही.

भीती दुसरी आहे. आज मोबाइलवर रिटर्न भरून देणारा प्रत्येक जण स्वतःला कर सल्लागार म्हणवतो. नोटीस आली की पक्षकाराला वाऱ्यावर सोडून मोकळा होतो. अशांना मत दिलं तर संघटनेची पत राहील का? आणि अध्यक्ष टिकून राहिला तर कार्यालयात ओळख राहते, अडचणीच्या वेळी शब्दाला वजन येतं. दर दोन वर्षांनी नवा माणूस गेला तर साहेब विचारणार, आपण कोण?

विष्णुपुरी
काका, मी नांदेडकडचा. जीएसटी प्रॅक्टिशनर. तुम्ही म्हणता तसे लोक आहेत, नाही म्हणत नाही. पण मी फॉर्म पीसीटी-०१ भरून नोंदणी केली, नॅसिन या केंद्राच्या अप्रत्यक्ष कर प्रशिक्षण संस्थेची परीक्षा दिली, पास झालो. दुकान उघडायच्या आधी सकाळी व्यापाऱ्याची बिलं घ्यायची आणि रात्री त्याचा हिशेब लावायचा, असं काम चालतं माझं. नोटिशीचं उत्तर मी स्वतः लिहितो.

आमच्या इथल्या संघटनेच्या चर्चासत्राला मी जातो. शिकायला लई मिळतं, त्याबद्दल ऋणी आहे. पण प्रश्नोत्तरं संपून 'आता फक्त सभासदांनी थांबावं' म्हटलं की आम्ही उठून बाहेर व्हरांड्यात यायचं. बरोबरीनं काम करणाऱ्या माणसाला हे लागतं, काका. आम्हाला खुर्ची नको, आत बसू द्या.

सातमाळा
विष्णुपुरीला +१.

व्हॅटवाले काका, ओळखीच्या मुद्द्यावर आदरपूर्वक असहमत. २०२० पासून प्राप्तिकराची तपासणी फेसलेस झाली. फाइल कुठल्या शहरातल्या अधिकाऱ्यापुढे आहे हे आपल्याला कळतसुद्धा नाही. जीएसटीत स्थानिक कार्यालय आहे, पण नोंदणी, रिटर्न, नोटीस, उत्तर सगळं पोर्टलवर. ओळखीच्या साहेबावर संघटना उभी राहायची तो काळ सरला. आता वजन येतं ते चांगल्या लेखी निवेदनाने. कुठल्या नियमामुळे किती लोकांची काय अडचण होते हे मुद्देसूद लिहून वरपर्यंत पाठवणारी चार डोकी पाहिजेत, आणि ती डोकी आत्ता व्हरांड्यात आहेत.

खवापेढा
मूळ प्रश्नाला सोडून लिहितो, पण कामाचं आहे. आमच्या तालुक्यात सभेला माणूस येत नव्हता. एका सदस्याने शेतात हुरडा ठेवला आणि तिथंच वार्षिक सभा घेतली. डिसेंबरअखेरीला जीएसटीआर-९ या वार्षिक रिटर्नची मुदत संपते, म्हणून हुरडा जानेवारीत. सुरती ज्वारीचा गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ, बोरं. जे कधी फिरकले नाहीत ते लेकराबाळांसह आले. गणपूर्ती एवढी झाली की ठराव वाचणाऱ्याला ओरडून वाचावं लागलं.

दुधना
@खवापेढा, पत्ता पाठवा. मी सभासद व्हायला तयार आहे, वर्गणी ज्वारीत घेतली तरी चालेल 😀

पूर्णाकाठ
मी वकील आहे. संस्था-न्यासांची कामं करतो. प्रक्रियेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बदल मतभेदामुळे अडतो त्यापेक्षा कागदामुळे जास्त अडतो.

बालाघाट ताई, सगळ्यात आधी धर्मादाय कार्यालयातून तुमच्या संघटनेच्या परिशिष्ट एकची, म्हणजे न्यासाच्या नोंदीच्या उताऱ्याची, नक्कल काढा. संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असली तरी महाराष्ट्रात अशा संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेल्या असतात, आणि महाराष्ट्र सार्वजनिक न्यास अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. बिनविरोध निवडीत हार घालून फोटो निघतो आणि तो अर्ज राहून जातो. मग कागदावर जुनीच माणसं राहतात, त्यातली काही हयात नसतात. अशा स्थितीत तुम्ही घटनादुरुस्तीची सभा बोलावली तर कोणीही उठून विचारू शकतो, ही सभा बोलावणारे तुम्ही अधिकृत आहात का? बँकही सही बदलताना तेच विचारते. राहिलेले सगळे चेंज रिपोर्ट विलंब माफीच्या अर्जासह आधी दाखल करा. हे कंटाळवाणं काम आहे, पण पाया हाच.

दुसरं म्हणजे मतदार यादी. १८६० च्या कायद्याचं कलम १५ सांगतं की वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकलेल्या सदस्याला मत नाही. सभेच्या दिवशी दारात थकबाकी भरून आत येण्यावरून भांडणं होतात. महिनाभर आधी यादी लावा, पावत्या तपासू द्या.

तिसरं म्हणजे काय बदलताय ते पाहा. सदस्याची व्याख्या, कार्यकाळ, जागांची संख्या हे नियमावलीतले बदल. त्यासाठी तुमच्याच घटनेत दुरुस्तीचं कलम असेल, ते अक्षर न् अक्षर पाळा. उद्देशच बदलायचे असतील तर १८६० च्याच कायद्याचं कलम १२ लागतं. त्यात प्रस्ताव लेखी स्वरूपात प्रत्येक सदस्याकडे सभेच्या दहा दिवस आधी पोचला पाहिजे, सदस्यांपैकी तीन पंचमांश मतं पाहिजेत, आणि एक महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा घेऊन हजर असलेल्यांच्या तीन पंचमांश मतांनी तो कायम करावा लागतो. नाव बदलायचं तर १२अ. पहिल्या सभेला सदस्यांच्या एकूण संख्येवर मोजायचं आणि दुसऱ्या सभेला हजर असलेल्यांवर. इथं बरेच जण गोंधळतात.

व्हॉट्सअॅपच्या गटावर 'सहमत' लिहिणं म्हणजे मतदान नव्हे. घटनेत ऑनलाइन मताची तरतूद नसेल तर ती आधी दुरुस्तीने आणा, मग वापरा.

बालाघाट
पूर्णाकाठ सर, हे सोन्यासारखं लिहिलंत. नकलेचा अर्ज उद्याच देते. नावात 'विक्रीकर' नाही, त्यामुळे १२अ ची गरज पडणार नाही.

हिमरू
आमचा व्यवसाय वेगळा आहे, मी संभाजीनगरकडची वास्तुविशारद. आमच्या स्थानिक गटात कार्यकाळाची मर्यादा आली. सलग दोन कार्यकाळ, त्यापुढे नाही. आता ती रुळली आहे, म्हणून त्या वेळी काय झालं ते सांगते.

निवड उत्साहाने झाली. नवीन मंडळी हुशार होती. पण इतिवृत्ताची वही कुणाकडे, मुदत ठेवीच्या पावत्या कुठल्या कपाटात, लेखापरीक्षकाला कुठले कागद लागतात, हॉलच्या भाड्याचा करार कधी संपतो, यातलं त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. जुन्यांना वाटलं, आम्हाला कोणी विचारलं नाही. नव्यांना वाटलं, हे मुद्दाम गप्प बसलेत. दोन्हीकडे रुसवा. शेवटी एका ज्येष्ठ बाईंनी पुढाकार घेऊन दोघांना एका टेबलावर बसवलं आणि प्रत्येक वस्तूची यादी करून सही घेऊन ताबा दिला-घेतला.

तेव्हापासून आमच्याकडे दोन गोष्टी नियमात आहेत. एक, मावळते सचिव पुढचे काही महिने नव्या सचिवाबरोबर काम करतात, मताशिवाय. दुसरी, कार्यकारिणीची सगळी पदं एकाच वेळी रिकामी होत नाहीत. निम्मी आत्ता, निम्मी पुढच्या निवडणुकीत. व्हॅटवाल्या काकांना जी काळजी वाटते, की साठलेलं ज्ञान वाया जाईल, ती काळजी खरी आहे. तिला उत्तर व्यवस्थेत शोधता येतं. त्यासाठी एकच माणूस कायम ठेवायची गरज नाही.

कापूस एकाधिकार
क्रिकेटवाल्यांचं उदाहरण घ्या. न्या. लोढा समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ ला मान्य केल्या. एक कार्यकाळ झाला की सक्तीची विश्रांती. २०१८ ला न्यायालयानेच ते सैल केलं, सलग दोन कार्यकाळ झाल्यावर विश्रांती, आणि २०२२ ला राज्यातले आणि बीसीसीआयमधले कार्यकाळ वेगवेगळे मोजायला परवानगी दिली. म्हणजे सलग दोन हा हिमरूंचा नियम तिथंही शेवटी आला. तीन वर्षांत माणसाला काम नीट हाती येतं न येतं तोवर घरी पाठवणं हे काही खरं नाही.

सातमाळा
पण तिथं कोर्टाला हात घालावा लागला. आपण न्यायालयात न जाता, चहा पीत ठरवू शकतो, हे आपल्या छोट्या संघटनांचं बळ आहे. ते गमावू नका.

ज्वारीचं कणीस
स्त्रियांच्या जागांबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्याच बार असोसिएशनच्या कार्यकारिणीत किमान एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखून ठेवायला सांगितलं, आणि त्या वर्षी खजिनदार पद महिलेकडेच असावं असंही. देशातल्या सगळ्यात वरच्या वकिलांच्या संघटनेला जे लागलं ते जिल्ह्याच्या संघटनेला लागत नाही असं समजायचं कारण नाही.

माझ्या कार्यालयात तीन मुली आहेत. जीएसटीआर-३बी या मासिक रिटर्नची २० तारीख आली की आम्ही चौघी पोर्टलला चिकटून बसतो. कायद्यातला बारीक बदल सगळ्यात आधी त्यांच्या लक्षात येतो, कारण चूक झाली तर पोर्टलची तपासणी (व्हॅलिडेशन) त्यांच्यापुढेच अडते. त्यांच्यातली एकही कधी संघटनेच्या व्यासपीठावर बोललेली नाही. स्वागतगीत, सूत्रसंचालन आणि हळदीकुंकवाला मात्र आवर्जून बोलावणं येतं.

हिमरू
ताई, जागा राखून ठेवाच, पण सभेची वेळही बदला. रात्री साडेआठची सभा आणि मग जेवण, असं असलं की तालुक्याच्या बाईला परतीची एसटी मिळत नाही. आम्ही शनिवारी दुपारी दोनची वेळ केली आणि उपस्थिती दिसण्याइतकी बदलली.

मुक्कामी एसटी
मी स्वतः बाई आहे आणि मला राखीव जागा नको वाटतात. निवडून येऊ द्या. राखीव म्हटलं की 'यांना बसवलंय' म्हणतात आणि पुढचा मुद्दा कोणी ऐकत नाही.

ज्वारीचं कणीस
@मुक्कामी एसटी, तुमचा स्वाभिमान पटतो. पण जिथं आजवर एकही बाई नाही तिथं पहिली बाई कोणाकडं बघून उभी राहणार? दोन निवडणुकांपुरता नियम करा, मग सर्वसाधारण सभेला पुन्हा विचारा. मुदत घातली की बसवल्याची भावना राहत नाही.

मुक्कामी एसटी
मुदतीसह चालेल. हे मान्य.

जुना व्हॅटवाला
सगळं वाचलं. विष्णुपुरीचा प्रतिसाद पुन्हा एकदा वाचला.

पोरा, परीक्षा उत्तीर्ण झालेला आणि नोटिशीला उत्तर लिहिणारा माणूस व्हरांड्यात असू नये. बालाघाट ताईंनी व्याख्या बदलायचा ठराव मांडला आणि माझ्या जिल्ह्यातही कोणी मांडला, तर मी अनुमोदक म्हणून उभा राहीन. पात्रतेची अट मात्र सोडू नका. कार्यकाळाबद्दल माझं मत अजून पूर्ण वळलेलं नाही. चांगला अध्यक्ष मिळायला नशीब लागतं. हिमरू ताईंनी सांगितलेली निम्म्या-निम्म्या जागांची रीत असेल तर विचार करता येईल.

एक सुचवतो. मावळत्या अध्यक्षांना दारातून बाहेर काढल्यासारखं होऊ नये. त्यांनी स्वतःच्या खिशातून वेळ आणि पैसा घातलेला असतो. नव्या कायद्याचे अभ्यासवर्ग त्यांच्याकडे द्या. जुना १९६१ चा कायदा ज्यांच्या डोक्यात पक्का आहे त्यांच्याकडूनच नव्याची तुलना नीट कळते. जुन्या वर्षांच्या फाइली जुन्याच कायद्याने चालणार आहेत, म्हणजे दोन्ही येणारा माणूस लागणारच.

विष्णुपुरी
काका, लई आभार. अभ्यासवर्ग तुम्ही घ्या, ऑनलाइन जोडायचं काम आमच्याकडं.

पूर्णाकाठ
व्याख्येबद्दल एक धोका सांगतो. आता घाईने 'केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम ११६ प्रमाणे अधिकृत प्रतिनिधी' असं लिहाल. आज बरोबर आहे. पण १९५९ चा उल्लेख करणाऱ्यांनाही तेव्हा तेच वाटलं होतं. घटनेत कायद्याचं नाव, साल, कलम घातलं की तो कायदा गेला की तुमचा सदस्य लटकतो.

बालाघाट
खूप मोलाचे प्रतिसाद आले. सगळ्यांचं वाचून कच्चा मसुदा केला आहे. अध्यक्षांकडे घेऊन जाण्याआधी इथे टाकते, तपासून द्या. त्यांना मी आधी घरी जाऊन भेटणार आहे, सभेत अचानक मांडणार नाही.

सदस्य: 'त्या त्या वेळी लागू असलेल्या कोणत्याही केंद्रीय किंवा राज्य करकायद्याखाली पक्षकाराच्या वतीने अधिकृत प्रतिनिधी म्हणून काम करण्यास पात्र असलेली आणि जिल्ह्यात व्यवसाय करणारी व्यक्ती.' सध्याचे सहयोगी यात बसत असतील तर त्यांची मागची वर्गणी धरून ज्येष्ठता मोजायची.

कार्यकारिणी: कार्यकाळ तीन वर्षं. कोणीही व्यक्ती एकाच पदावर सलग दोनपेक्षा जास्त कार्यकाळ राहणार नाही. निम्म्या जागांची निवडणूक आलटून-पालटून. पुढच्या दोन निवडणुकांपुरत्या एक तृतीयांश जागा महिलांसाठी. तालुक्यांसाठी किमान दोन जागा.

सभा: वर्षातून किमान एक सर्वसाधारण सभा जिल्ह्याच्या ठिकाणाबाहेर, एखाद्या तालुक्यात. चर्चेला ऑनलाइन हजर राहता येईल, मत मात्र प्रत्यक्ष किंवा आधी ठरवलेल्या सुरक्षित पद्धतीने.

ताबा: निवडणुकीनंतर ३० दिवसांत दप्तर, ठेवी, पासवर्ड यांची सहीची यादी, आणि ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट. तो दाखल केल्याची पोच पुढच्या सभेत वाचून दाखवायची.

खवापेढा
तालुक्यातली सभा जानेवारीत घ्या एवढंच घाला. कारण लिहायची गरज नाही.

ज्वारीचं कणीस
पासवर्डचा उल्लेख केलात हे फार छान. आमच्या संघटनेचा ईमेल एका माजी सचिवाच्या जुन्या मोबाइल नंबरला जोडलेला आहे, तो नंबर बंद झालाय.

पूर्णाकाठ
मसुदा चांगला आहे. 'आधी ठरवलेल्या सुरक्षित पद्धतीने' हे मोघम आहे, कोण ठरवणार ते लिहा. सर्वसाधारण सभेने ठरवावं असं सुचवतो, कार्यकारिणीने नको.

हिमरू
'एकाच पदावर सलग दोन' इथं आमच्याकडे पळवाट निघाली होती. अध्यक्षांचे दोन कार्यकाळ संपले की ते कार्याध्यक्ष, आणि कार्याध्यक्ष अध्यक्ष. तेच चार जण खुर्च्या बदलून बसले. पद न बघता 'कार्यकारिणीत कोणत्याही पदावर' असं करा आणि मध्ये एक कार्यकाळ रिकामा ठेवा. फक्त एक सांगा, सध्याच्या अध्यक्षांचे आधीचे कार्यकाळ यात मोजायचे, की दुरुस्ती मंजूर झाल्यापासून मोजायला सुरुवात करायची? हे आत्ताच ठरवून अध्यक्षांकडे जा, कारण त्यांचा पहिला प्रश्न हाच असणार.

बालाघाट
मंजुरीपासून मोजावं असं मला वाटतं. म्हणजे हा नियम एका माणसाविरुद्ध केला असं त्यांना वाटणार नाही आणि त्यांना एकदा स्वतःहून थांबायची संधी राहील. पण इथे कोणाचं वेगळं मत असेल तर रविवारच्या आत लिहा, त्या दिवशी मी त्यांच्याकडे जाणार आहे.

जुना व्हॅटवाला
मंजुरीपासूनच मोजा. आणि जाताना कोणीतरी माझ्या वयाचा माणूस बरोबर घ्या.